मामांच्या स्टिरिओतला आवाज

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मामांनी कॅसेट थांबवली आणि मला स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं. सासऱ्यांना मी मामाच म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत. ते खुर्चीत पुढं वाकून बसले होते आणि दोन्ही स्पीकरकडं आळीपाळीनं बघत होते.

"जरा इथं उभी राहा," ते म्हणाले. "आणि नीट ऐक."

त्यांनी कॅसेट परत सुरू केली. थोडा वेळ नुसती सतार वाजत राहिली. मग मध्येच फट् असा आवाज आला. बारीक, कोरडा, चुलीत ओलं लाकूड तडकावं तसा.

"ऐकलंस?"

"हो, ऐकलं की."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "मग बरंय," म्हणाले. "मला वाटलं माझ्याच कानात व्हायला लागलं."

तो स्टिरिओ मामांनी गिरणीत टाइमकीपर असताना हौसेनं घेतलेला. जड अॅम्प्लिफायर, त्याच्यावर कॅसेटचा डेक आणि कमरेएवढ्या उंचीच्या लाकडी पेट्यांतले दोन स्पीकर. पुढं गिरणी बंद पडली, सासूबाई गेल्या, बाजारात कॅसेटी मिळेनाशा झाल्या, पण मामांची दुपार काही बदलली नाही. जेवण झालं की हात पुसत ते पुढच्या खोलीत जायचे, बटण दाबायचे आणि डोळे मिटून बसायचे. माझी शाळा सकाळची, मी तिथं ऑफिसात काम करते. बारानंतर घरी आले की संध्याकाळपर्यंत घरात आम्ही दोघंच. नवऱ्याचं टायरचं दुकान मोडनिंबला हायवेवर. तो सकाळी जातो, दिवे लागल्यावर येतो.

आमचं घर सोलापुरात, भवानी पेठेत, वरच्या मजल्यावर. खालचा मजला मामांनी फार पूर्वीच एका विणकर कुटुंबाला भाड्यानं दिलेला. नवराबायको दोघंच असतात. पुढच्या खोलीत संसार आणि मागच्या शेडमध्ये टॉवेलचे माग. ती मंडळी घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. तिला मी अक्का म्हणते, तिच्या नवऱ्याला अण्णा. मागांचा आवाज दिवसभर आमच्या फरशीतून पायांना लागतो. लग्न होऊन आले तेव्हा त्यानं झोप लागायची नाही. आता माग बंद असले की चुकल्यासारखं होतं.

सुरुवातीला त्या फट् आवाजाचं कुणी मनावर घेतलं नाही. रविवारी नवऱ्यानं अॅम्प्लिफायर पुढं ओढला, मागच्या वायरी काढल्या, टोकं चाकूनं खरवडून परत बसवली. डावी वायर उजवीकडं, उजवी डावीकडं लावून बघितली. आवाज दोन्ही स्पीकरमधून येत होता. मग व्हॉल्यूमच्या बटणात साफ करायचा फवारा मारला, बटण पुढंमागं फिरवलं. "झालं," तो म्हणाला. "बटणात कचरा होता." त्या दिवशी खरंच काही आवाज आला नाही. सोमवारी दुपारी परत सुरू झाला. मामांनी आवाज अगदी शून्यावर आणला, तरी स्पीकर अधूनमधून फट् करतच होते.

ते मला आवडलं नाही. गाणं चालू असताना मध्येच काही वाजलं तर माणूस म्हणतो, कॅसेट जुनी झाली. पण सगळं शांत असताना, कुणी काही लावलेलं नसताना त्या लाकडी पेटीतून आवाज यायचा आणि मी पोळी लाटता लाटता थांबायचे. पुढचा कधी येतोय याची वाट बघत राहायचे. त्याला काही ताल नव्हता. कधी लागोपाठ यायचा, कधी इतका वेळ यायचा नाही की मी विसरून जायचे, आणि मग यायचा.

शुक्रवार पेठेत एका बोळात जुनी मशीनं दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. नवऱ्यानं अॅम्प्लिफायर चादरीत गुंडाळून मोटरसायकलवरून त्यांच्याकडं नेला. चाचांनी तो उघडून फुगलेले दोन कंडेन्सर बदलले, सोल्डरिंगचे टाके नव्यानं मारले आणि आठवडाभर दुकानात चालू ठेवून बघितला. मी आणायला गेले तेव्हाही तो वाजत होता. आवाज इतका स्वच्छ होता की मी तिथंच जरा वेळ उभी राहिले.

"एकदम ओके है भाभी," चाचा म्हणाले. "दिवसभर वाजतो, एक बार भी नाही फुटला."

रिक्षातून घरी आणला. मामांनी स्वतःच्या हातानं वायरी जोडल्या, कॅसेट लावली. आम्ही चहा घेत होतो. कप अर्धाही झाला नव्हता तेव्हा फट् झालं. पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

मामांनी कप खाली ठेवला.

मी चाचांना फोन लावला. ते म्हणाले, "भाभी, मशीनमध्ये कुछ नाही. मी परत घेऊन बघेन, पण माझ्याकडं तो वाजणार नाही. तुमच्या घरातच काहीतरी हाय, बघा."

त्यांनी ते साधेपणानंच म्हटलं होतं. पण फोन ठेवल्यावर मी खोलीभर नजर फिरवली. भिंती, पंखा, कोपऱ्यातला फ्रिज, सगळं होतं तसंच होतं, आणि तरी मला तिथं बसवेना.

पहिला संशय मागांवर गेला. मामा म्हणाले, मोटरी चालूबंद होताना लाइनीत झटके येत असणार. मी खाली जाऊन अण्णांना सांगितलं. अण्णा कमी बोलणारे. "माग तर इतकी वर्षं चालूच हायत की वहिनी," म्हणाले. "आताच कसा आवाज येईल?" त्यांच्या बोलण्यात जरा दुखावल्याची छटा होती. आम्ही त्यांना माग काढायला सांगतोय की काय, असं त्यांना वाटलं असावं. पण सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना ऐकून बघा, असं त्यांनीच सुचवलं.

सुट्टीच्या दिवशी खालची शेड शांत होती. मामांनी जेवण होताच स्टिरिओ लावला. त्या दुपारी आवाज इतर दिवसांपेक्षा जास्त आला. फट्, फट्फट्, जरा थांबून परत फट्. मामा माझ्याकडं बघायला लागले. मागांचा काही संबंध नव्हता.

तोवर उन्हाळा चढला होता. सोलापूरचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. दुपारी रस्ते रिकामे होतात आणि घराघरांतून कूलरची घरघर ऐकू येते. अक्काकडंही पत्र्याचा मोठा कूलर होता. सुट्टीच्या दिवशी तो सकाळपासून चालायचा. एकदा जिन्यात भेटली तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, आमचा कूलर हाताला मुंग्या आणतोय. पाणी भरताना चप्पल घालावी लागते."

"वायरमनला दाखवा की," मी म्हटलं.

"सगळ्यांचेच कूलर असे करतात," ती हसून म्हणाली आणि बादली घेऊन आत गेली.

स्पीकरचा फट् आणि कूलरच्या मुंग्या ही एकाच बिघाडाची लक्षणं आहेत, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

ते कळलं ते माझ्या स्वयंपाकघरातल्या रेडिओमुळं. बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ आहे, सकाळी बातम्यांना लावते. एका दुपारी तो सुरूच राहिला होता. स्टेशन बंद झालेलं, नुसती खरखर येत होती. मी तो बंद करायला हात पुढं केला तेव्हा पुढच्या खोलीतला स्पीकर फट् वाजला, आणि त्याच क्षणी रेडिओही कडकडला. मी हात मागं घेतला. परत स्पीकर वाजला, परत रेडिओ. दोघांचं अगदी एकदम.

रेडिओला वायर नव्हती. तो कशालाच जोडलेला नव्हता.

मी मामांना बोलावलं. त्यांनी ऐकलं, मग पॅसेजमध्ये जाऊन आमच्या मजल्याचा मेन स्विच बंद केला. पंखा थांबला, फ्रिज थांबला, स्टिरिओ गप्प झाला. घरात वीजच नव्हती. आणि माझ्या हातातला रेडिओ कडकडतच होता.

"वरचं काही न्हाई," मामा हळू आवाजात म्हणाले. "खाली बघ."

मी रेडिओ हातात धरून जिन्यानं उतरायला लागले. ऊन इतकं होतं की कठडा हाताला भाजत होता. प्रत्येक पायरीला रेडिओचा आवाज वाढत होता. जिन्याखाली एक कोनाडा आहे, तिथं दोन्ही घरांचे मीटर आणि लाकडी बोर्ड. त्याच्यासमोर आले तेव्हा रेडिओतून सलग तडतड यायला लागली, गरम तेलात मोहरी टाकल्यासारखी. मी रेडिओ बंद केला. मागांच्या आवाजात बोर्डाचा काही आवाज ऐकू येत नव्हता. मग मी बोर्डाच्या लाकडावर पालथा हात टेकवून बघितला. ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखं ते गरम होतं. सावलीतल्या कोनाड्यात होतं आणि तरी गरम होतं.

आम्ही त्याच दिवशी वायरमनला फोन केला. उन्हाळ्यात ही माणसं मिळणं अवघड, सगळ्यांचेच कूलर आणि मोटरी बिघडलेल्या असतात. उद्या येतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी परत उद्या म्हणाला. नवऱ्यानं दुसरा एक शोधला, तो गावाला गेलेला. अण्णांना मी बोर्डाला हात लावून बघायला लावलं. त्यांनी लावला, भुवया आकसल्या आणि म्हणाले, "वायरमन येईपर्यंत माग कमी चालवतो." पण त्या उन्हात कूलर बंद ठेवायचं कुणी बोललं नाही. कूलरचा काही संबंध असेल असं वाटलंच नव्हतं.

त्या दिवसांत जिन्यावरून जाताना मी कोनाड्याकडं बघायचे नाही. भिंतीच्या कडेनं उतरायचे. मामांना म्हटलं, काही दिवस स्टिरिओ लावू नका. ते म्हणाले, "लावला न्हाई तर कळणार कसं, वाढतंय की कमी होतंय?" आता ते गाणं ऐकत नव्हते. कॅसेट संपून गेलेली असली तरी तसेच बसून राहायचे, त्या आवाजाकडं कान देऊन.

मग ती दुपार आली. मी भांडी घासत होते. पुढच्या खोलीतून येणारे फटके एकमेकांना जोडून यायला लागले आणि त्यांचा एकच लांब, चरचरणारा आवाज झाला. मी हात तसेच ओले घेऊन बाहेर आले. पॅसेजमधला बल्ब पांढराफटक झाला होता, त्याच्याकडं बघवत नव्हतं. पंखा एवढ्या जोरात फिरत होता की त्याची दांडी हलत होती. अॅम्प्लिफायरमधून मोठी घुमणारी घरघर आणि रंग जळाल्यासारखा वास येत होता. मामा उठून बटणाकडं हात नेत होते.

"मामा, हात लावू नका."

मी त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. पॅसेजमध्ये पदराला हात पुसले आणि मेन स्विच खाली केला. तेवढ्यात बल्ब फुटला, काचा आमच्या पायाशी पडल्या. अॅम्प्लिफायरच्या जाळीतून धुराची एक सरळ रेघ वर चालली होती.

"खाली सांग," मामा म्हणाले. "खाली त्यांना सांग जा."

मी अनवाणीच पळाले. कोनाड्यातून काळा धूर येत होता, त्याच्या बाजूनं जायला मन धजत नव्हतं, पण दुसरी वाट नव्हती. अक्काचं दार उघडं होतं. आत कूलर बंद पडलेला. का बंद पडला ते बघायला तिनं त्याच्या जाळीला हात लावला असणार. ती तिथं उभी होती, उजवा हात जाळीवर, पाय कूलरच्या सांडलेल्या पाण्यात, आणि तोंड उघडं. त्या तोंडातून काही आवाज येत नव्हता. तिचे डोळे माझ्याकडं होते.

मी ओरडले. अण्णांना हाक मारली, जितकी मोठ्यानं मारता येईल तितकी. मागच्या शेडमध्ये माग चालू होते. माझी हाक माझ्याच कानांना नीट ऐकू आली नाही.

दाराशी तयार टॉवेलचा बांधलेला गठ्ठा होता, कोरडा. मी त्याच्यावर चढले. भिंतीला कपडे वाळत घालायची बांबूची काठी टेकवलेली होती, ती घेतली आणि अक्काच्या मनगटावर मारली. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा सगळा जोर लावून मारली. हात सुटला आणि ती मागं भिंतीवर जाऊन आपटली, तिथून खाली सरकली.

मी गठ्ठ्यावरून उतरायला घाबरत होते. पाणी दारापर्यंत पसरलेलं होतं. काठीनंच कूलरची वायर भिंतीतून ओढून काढली, मग उतरले. अक्काचं नाक आणि तोंड यांच्यापुढं हात धरला. श्वास होता.

शेडमध्ये जाऊन मी अण्णांची बाही धरली. त्यांना माझे ओठ हलताना दिसले, शब्द कळले नाहीत, पण माझा चेहरा बघून त्यांनी एकेक माग थांबवला. शेवटचा माग थांबला तेव्हा जिन्याखालच्या बोर्डाचा आवाज आम्हाला नुसत्या कानांनी ऐकू आला.

पुढचं सगळं भराभर झालं. गल्लीतल्या कुणीतरी वीज कंपनीला फोन केला, लाइनमननं येऊन खांबावरून आमची लाइन तोडली. शेजाऱ्यांनी वाळूच्या बादल्या ओतल्या. अण्णा अक्काला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले, मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले होते. वाटेत ती एकदाच बोलली, तेलुगूत. मी अण्णांकडं बघितलं.

"विचारतीय, माग का बंद केले," ते म्हणाले आणि रस्त्याकडं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आला. जळका बोर्ड काढून त्यानं जिन्यातच आम्हाला समजावून सांगितलं. दोन्ही घरांत गेलेली वीज ज्या एका तारेनं परत जाते, त्या तारेचा जोड सैल झाला होता. कुणीतरी फार पूर्वी तांब्याची आणि ॲल्युमिनियमची तार नुसती पिळून, वर पट्टी गुंडाळून ठेवलेली. तिथं ठिणग्या उडत होत्या, त्याच आमच्या स्पीकरमधून ऐकू यायच्या. माग थ्री-फेजवरचे, त्यांना ती तार लागत नाही, म्हणून ते बंद ठेवून फरक पडला नाही. कूलर चालत होता. आणि खालच्या घराची अर्थिंगची तारही त्या जोडालाच बांधलेली होती. जोड तुटल्याबरोबर वरच्या घरात वीज दुप्पट चढली, खालचा कूलर थांबला आणि त्याच्या पत्र्यात वीज उतरली.

"म्हणजे मुंग्या यायच्या त्या ह्यामुळंच?" मामांनी विचारलं.

"व्हय की," तो म्हणाला. "ते सांगतच होतं तुमाला."

मामांनी वर जाऊन स्टिरिओवर जुनी चादर टाकली. नवरा म्हणाला, चाचांकडं नेऊन बघू, दुसरा ट्रान्सफॉर्मर बसवता येईल. मामांनी मान हलवून नको म्हटलं. आता दुपारी ते गॅलरीत बसतात.

अक्का वाचली. डॉक्टर म्हणाले, थोडा आणखी वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं. तिच्या उजव्या तळव्यावर जाळीच्या चौकटी उमटल्यात आणि दोन बोटं सरळ होत नाहीत. ती पूर्वी सूत गुंडाळून मागाच्या कांड्या भरायची, मागावर सूत तुटलं की कुणाच्याही आधी गाठ मारायची. आता डाव्या हातानं शिकतेय. जिन्यात भेटली की आधी माझ्या हाताकडं बघते, ज्या हातात काठी होती त्या. मग हसते.

त्या सकाळी काम संपवून निघताना वायरमननं तो काळा पडलेला जोड पिशवीत टाकायच्या आधी उजेडात धरला, तारांच्या पिळाकडं बघितलं.

"ही पिळायची पद्धत मला ओळखू येती," म्हणाला. "एकच माणूस होता, आता न्हाई तो. ह्या बोळातल्या निम्म्या घरांची वायरिंग त्यानंच केलीय."

मी आणि अण्णांनी मिळून गल्लीत दारोदार जाऊन सांगितलं. काहींनी बोर्ड उघडून दाखवले, दोन ठिकाणी तसाच जोड निघाला, त्यांनी बदलून घेतला. काहीजण म्हणाले, बघू, उन्हाळा संपू दे. एका घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी मला पाणी दिलं, बसवलं आणि म्हणाल्या, "आमचं काही न्हाई गं, फक्त कूलर जरासा चावतो."

मी त्यांच्या पायांकडं बघितलं. त्या अनवाणी होत्या.